घरात व्यायामाचं मशीन घ्यायचंय? आधी जमिनीवर रद्दी पसरा

कुठलंही मशीन बघायच्या आधी, अगदी मोबाइलवर फोटो चाळायच्याही आधी, घरातली जुनी वर्तमानपत्रं काढा आणि जिथे मशीन ठेवायचंय तिथे पसरा. ट्रेडमिल हवी असेल तर साधारण सहा फूट बाय अडीच फूट, बसायच्या सायकलला चार बाय दोन, क्रॉस ट्रेनरला (उभ्याने हातपाय दोन्ही हलवायचं मशीन) पाच-साडेपाच बाय अडीच, रोइंग म्हणजे वल्ही मारायच्या मशीनला चांगली आठ फूट लांबी. कडांना चिकटपट्टी मारा आणि चार दिवस तो कागद तसाच राहू द्या. मग एकेक गोष्ट कळायला लागते, कपाटाचं दार अर्धंच उघडतंय, कपड्यांचा स्टँड आता कुठे उभा करायचा, रात्री पाणी प्यायला उठलं की नेमका त्याच कोपऱ्यावर पाय पडतो. चार दिवसांत जो कागद घरच्यांनी गोळा करून कोपऱ्यात टाकला त्या जागेवर मशीन टिकणार नाही, हे लिहून ठेवा.

मी हे इतकं ठामपणे सांगतेय कारण गेल्या सात-आठ वर्षांत आमच्या ठाण्याच्या टू बीएचकेत तीन मशीनं आली. एक विकलं, एक भावाकडे सांगलीला गेलं आणि तिसरं अजून रोज चालतंय. गेलेल्या दोघांपैकी एकही भंगार नव्हतं, पण एकाचं माणसाशी जुळलं नाही आणि दुसऱ्याचं घराशी. म्हणून खाली जे लिहितेय ते त्याच क्रमाने, आधी माणूस, मग जागा, मग मशीन, आणि ऑफर सगळ्यात शेवटी.

माणूस म्हणजे नक्की कोण वापरणार ते. "सगळेच वापरू" हे उत्तर धरू नका, एक नाव ठरवा. त्याचं वजन किती, उंची किती, गुडघा दुखतो का, कंबर धरते का, शुगर आहे का, आणि दिवसातला नक्की कुठला अर्धा तास त्याला मोकळा आहे. अँजिओप्लास्टी झालेली असेल, छातीत दुखत असेल, चालताना धाप लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मशीन नंतर. शुगरमुळे पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण चालत्या पट्ट्यावर पाऊल नीट पडतंय की नाही हे त्या माणसाला कळत नाही, अशांना बसून करायचं मशीन बरं.

आणि व्यायाम किती पाहिजे हेही माहीत असू दे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. मध्यम म्हणजे काय, तर करताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, इतकं साधं. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. यासाठी वीस प्रोग्रॅम आणि टच स्क्रीनची गरज नसते. स्क्रीनवर दिसणारा कॅलरीचा आकडा तर मी बघतच नाही, तो अंदाज असतो, आणि हँडल धरून दिसणारे हृदयाचे ठोकेसुद्धा हलत्या हाताने नीट येत नाहीत.

खाली बाग असेल, रस्ता बरा असेल आणि तुम्हाला घराबाहेर पडता येत असेल तर आधी तीन आठवडे त्याच वेळेला चालून बघा, पैसे वाचतील. पण सगळ्यांना बाहेर पडता येत नाही. माझ्या सासूबाई 74 वर्षांच्या, त्यांना एकटं ठेवून मला सकाळी बागेत जाता येत नव्हतं, आणि जून ते सप्टेंबर ठाण्यात चालायला बाहेर पडणं म्हणजे रोज पावसाचा अंदाज घेत बसणं. अशा घरांसाठी मशीन ही चैन नाहीये, ती खरी सोय आहे, त्यामुळे कोणी नाकं मुरडली तरी मनावर घेऊ नका.

आता ट्रेडमिल, कारण दहातले आठ जण तिच्यापासूनच सुरुवात करतात. चालता येणाऱ्या माणसाला काही शिकावं लागत नाही हा तिचा सगळ्यात मोठा गुण. जाहिरातीत मोठ्ठ्या अक्षरात 4 एचपी, 5 एचपी (एचपी म्हणजे हॉर्सपॉवर, मोटरची ताकद) लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा पीक असतं, म्हणजे मोटर क्षणभर जो जोर लावू शकते तो. तुम्हाला विचारायचंय ते कंटिन्युअस एचपी, मोटर सलग किती देते. फक्त चालायचं असेल तर दीड-दोन कंटिन्युअस पुरे, पळायचं असेल तर अडीच ते तीन हवं. दुकानदार हा आकडा सांगायला टाळाटाळ करायला लागला तर पुढचं मशीन बघा. दुसरं म्हणजे पट्टा. चालायला 40 सेंटीमीटर रुंदी चालते, पण पळताना पाय थोडे इकडेतिकडे पडतात, तिथे 45 ते 50 रुंदी आणि 130 च्या पुढे लांबी लागते, उंच माणसाला त्याहून जास्त. तिसरं, किती किलोच्या माणसासाठी आहे ते. 90 किलोच्या माणसाने 100 ची मर्यादा असलेलं मशीन घेऊ नये, वीस-पंचवीस किलोचा गाळा ठेवा.

आमचं पहिलं मशीन हेच होतं. ऑनलाइन सेलमध्ये घेतलं, पीक एचपी बघून, पट्टा 40 चा, आणि आमचे हे 88 किलोचे, त्यावर रोज पळायला लागले. आठव्या महिन्यात गरम वास यायला लागला, मग मध्येच थांबायला लागली. टेक्निशियन यायलाच तीन आठवडे गेले, आणि त्याने काय केलं तर पट्ट्याची कड उचलून माझं बोट खाली फिरवायला लावलं. कोरडं ठणठणीत. आठ महिन्यांत एकदाही तेल घातलं नव्हतं, कारण घालायचं असतं हे आम्हाला विकताना कोणी सांगितलंच नाही. तर तुम्ही करा, दर दोन-तीन महिन्यांनी, प्लग काढून, पट्ट्याची कड उचलायची, खालच्या फळीला बोट लावायचं, बोटाला ओशट लागलं तर ठीक, कोरडं लागलं तर दोन्ही बाजूंनी सिलिकॉन ऑइल नागमोडी सोडायचं आणि मग तीन-चार मिनिटं हळू वेगावर चालायचं म्हणजे ते सगळीकडे पसरतं. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल असलं काही घालू नका, पट्टा खराब होतो. पट्टा डावीकडे सरकत असेल तर मागचा डावा बोल्ट ॲलन कीने (षटकोनी टोकाची वाकडी चावी) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, एवढाच, मग दोन मिनिटं चालवून बघायचं. उजवीकडे सरकला तर उजवा बोल्ट. एकदम पूर्ण फेरा मारला तर पट्टा पार दुसऱ्या टोकाला जातो.

वीज बघा. एक एचपी म्हणजे 746 वॅट, म्हणजे दोन एचपीची मोटर पूर्ण जोरात असेल तेव्हा दीड हजार वॅटच्या आसपास खाते. तिला एसी-गिझरवाला 16 अँपिअरचा मोठा पॉइंट लागतो, एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका, वायर तापते. घरच्या इन्व्हर्टरवर ती चालेल अशी आशाही ठेवू नका. जिथे वीज वारंवार जाते तिथे चालताना पट्टा अचानक थांबतो, म्हातारी माणसं तोल जाऊन पुढे जातात, अशा गावी मी सरळ सायकल घ्या म्हणते.

मागे जागा सोडा, निदान सहा फूट, आणि हे बहुतेक फ्लॅटमध्ये पाळलं जात नाही म्हणून जास्त कळकळीने सांगतेय. भिंतीला किंवा काचेच्या सरकत्या दाराला पाठ करून ट्रेडमिल लावली आणि माणूस पडला तर पट्टा त्याला मागे फेकतो, मागे भिंत असली की तो पट्टा आणि भिंत यांच्यात अडकतो आणि पट्टा अंग घासत राहतो. सेफ्टी कीची (जी ओढली गेली की पट्टा बंद होतो) दोरी कपड्याला लावल्याशिवाय सुरू करायचं नाही. व्यायाम झाला की ती की काढून उंच फडताळात ठेवायची, घरात लहान मूल असेल तर हे रोजच्या रोज, कारण चालत्या पट्ट्याखाली बोटं गेली तर कातडी सोलून निघते.

खालच्या मजल्यावरचे लोक. स्लॅब पडेल का असं बरेच जण विचारतात, तर घरातले मजले साधारण चौरस मीटरला 200 किलोच्या हिशोबाने डिझाइन करतात, साठ-सत्तर किलोची ट्रेडमिल आणि वर एक माणूस याने काही होत नाही. पण धपधप आवाज जातो, आणि हवेतून कमी, स्लॅबमधून जास्त जातो. खोलीच्या मधोमध न ठेवता बीम किंवा कॉलमच्या जवळ ठेवा, खाली जाड रबरी मॅट घाला, आणि बसवायच्या आधीच खालच्या काकूंना विचारून ठेवा की तुमची झोपायची खोली नेमकी कुठली. आम्ही हे आधी विचारलं असतं तर वर्षभर त्यांच्याशी अबोला झाला नसता.

पायानेच ढकलायच्या बिनमोटरच्या ट्रेडमिलबद्दल एवढंच, त्या स्वस्त असतात पण पट्टा ढकलायला उतार लागतो, दांडा धरून वाकून चालावं लागतं, आणि गुडघा दुखणाऱ्याला तर अजिबात देऊ नका.

सायकल. माझं मत विचाराल तर शहरातल्या फ्लॅटसाठी दहातल्या सहा-सात घरांना सायकलच योग्य आहे, आवाज नाही, जागा कमी, सांध्यावर आदळआपट नाही, साध्या मॅग्नेटिक सायकलला तर पॉइंटसुद्धा लागत नाही, मीटर पेन्सिल सेलवर चालतो. पण सायकल म्हणजे एक वस्तू नाही. उभी साधी सायकल असते, तिच्यावर रस्त्यावरच्या सायकलसारखं बसायचं. रिकंबंट असते, तिला खुर्चीसारखी पाठ आणि पेडल पुढे. स्पिन बाइक असते, जड चाकाची, तरण्या पोरांसाठी. आणि एअर बाइक असते, जिच्यात हात पण हलतात. त्यातली खरी पंख्याची असेल तर जितकं जोरात मारू तितकी जड होत जाते आणि पंख्याचा आवाजही तितकाच, आणि स्वस्तातल्या कित्येक नुसत्या पट्टा आवळायच्या असतात, तेव्हा नाव वाचून घेऊ नका, चाक बघा.

स्पिन बाइकचं एक नीट समजून घ्या. बहुतेकींमध्ये चाक आणि पेडल थेट जोडलेले असतात, म्हणजे तुम्ही पाय थांबवलेत तरी पेडल फिरतच राहतं, थांबवायला नॉब दाबून ब्रेक लावावा लागतो. साठीच्या माणसाला हे धोक्याचं आहे, ती मुलांसाठी घेऊन "आई, तू पण कर" असं म्हणू नका.

जोर कसा लागतो, म्हणजे पेडल कशाने जड होतं, तेही विचारा. फ्रिक्शनमध्ये चाकावर फेल्टचा तुकडा घासतो, तो झिजतो, भुकटी पडते, वास येतो. मॅग्नेटिकमध्ये चुंबक चाकाला न शिवता जड करतो, झीज नाही, आवाज जवळजवळ नाही. दोन-तीन हजार जास्त गेले तरी मॅग्नेटिकच घ्या. चाक फार हलकं असेल तर पेडल झटके देत फिरतं, दुकानात पाच मिनिटं हळूहळू मारून बघा, वरून खाली जाताना पाय गचका खातोय का ते लगेच जाणवतं.

सीट. गुडघे दुखायला लागले म्हणून सायकल बंद करणारे मला खूप भेटलेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची सीट खाली होती. सीटवर बसा, पेडल सगळ्यात खाली आणा, त्यावर टाच ठेवा, पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्याला आपोआप हलकीशी घडी राहते, तीच बरोबर उंची. कंबर डावीउजवीकडे डोलत असेल तर सीट वर आहे, गुडघा वर येताना पोटाशी येत असेल तर खाली.

सासूबाईंसाठी आम्ही शेवटी रिकंबंट घेतली, आणि तीच अजून चालतेय. उभ्या सायकलच्या मधल्या दांड्यावरून पाय टाकून जाणंच त्यांना जमत नव्हतं, हे दुकानात त्यांना नेलं तेव्हा एका मिनिटात कळलं, घरी बसून फोटोवरून कधीच कळलं नसतं. रिकंबंटला बाजूने येऊन खुर्चीत बसल्यासारखं बसता येतं, पाठीला टेकू, हाताला दांडे. साडीच्या निऱ्या पेडलमध्ये जाऊ शकतात म्हणून त्या सलवार घालूनच बसतात, आणि सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी मालिका लागली की पंधरा मिनिटं. टीव्हीसमोर ठेवली म्हणून चालतेय, आतल्या खोलीत ठेवली असती तर तिच्यावर टॉवेल वाळत पडले असते.

क्रॉस ट्रेनर. पाय पेडलवरून उचलला जात नाही म्हणून गुडघ्याला धक्का कमी, हातही हलतात, घाम लवकर येतो, चांगलं मशीन आहे. पण स्वस्तातला घेऊ नका, इथे मी ठाम आहे. त्यात स्ट्राइड म्हणजे पावलाची लांबी बघायची असते, स्वस्त मशीनला ती 12-14 इंच असते आणि साडेपाच फुटांच्या माणसाला जागच्या जागी तुरुतुरु चालल्यासारखं होतं, मांड्या भरून येतात आणि कंटाळा येतो. साडेपाच फुटांपर्यंत 16 च्या आसपास, त्याहून उंच असाल तर 18 ते 20 इंच बघा. आमच्याकडे तो आला तेव्हा स्ट्राइड बरोबर होती, चूक झाली ती वेगळीच. पेडल वर गेलं की माणूस जमिनीपासून सव्वा फूट उंच होतो, आणि आम्ही तो ठेवला होता माळ्याखाली. यांचं डोकं पहिल्याच दिवशी माळ्याच्या कडेला लागलं, दुसरीकडे पंख्याची पाती. भावाच्या घराचं छत उंच, तिकडे वहिनी रोज वापरते. तुम्ही आपली उंची, त्यात सव्वा फूट, त्यात अर्धा फूट मोकळीक धरून टेप लावा.

रोइंग मशीन म्हणजे वल्ही मारायचं मशीन आमच्या सोसायटीच्या जिममध्ये आहे, त्यावर शिकले. एकाच मशीनवर पाय, पाठ, हात सगळं होतं, वेळ कमी असणाऱ्याला याच्यासारखं दुसरं नाही. फक्त क्रम शिकायला लागतो, ओढताना आधी पाय, मग पाठ मागे, मग हात, आणि परत येताना उलट, हात, पाठ, पाय. बहुतेक जण हातानेच ओढतात आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसतात. मणक्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि सीट जमिनीपासून बरीच खाली असते तेव्हा ज्यांना पाटावर बसून उठता येत नाही त्यांनी याचा नाद सोडावा. पंख्याच्याला आवाज असतो, पाण्याच्या टाकीवाल्याला झुळझुळ येते, मॅग्नेटिक शांत. बरीचशी उभी करून ठेवता येतात, पण घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला ती उभी करता येते का ते बघून घ्या.

छोटे स्टेपर चालतील पण कंटाळवाणे. थरथरणारे प्लेट आणि पोटाला बांधायचे घामाचे पट्टे घेऊ नका, घामाने जे वजन उतरतं ते दोन ग्लास पाणी प्यायलं की परत येतं.

आणि या सगळ्या मशीनांनी ताकदीचा भाग पुरा होत नाही, तो आठवड्यातून दोन दिवस वेगळा करायचा. त्यासाठी मोठ्ठं होम जिम आणायची गरज नाही. दोन डंबेल, एक रबर बँड, आणि आपल्या तालमीतले जोर-बैठका आहेतच, सूर्यनमस्कार आहेत. सासूबाई स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठतात-बसतात, त्यांच्यासाठी तीच बैठक.

किमतीचं बोलायचं तर बरी मॅग्नेटिक सायकल साधारण दहा-पंधरा हजारांपासून मिळते, चालण्यापुरती बरी ट्रेडमिल पंचवीस-तीस हजारांच्या पुढे, पळायची त्याहून बरीच महाग. बजेट कमी असेल तर खालच्या दर्जाची ट्रेडमिल घेण्यापेक्षा त्याच पैशात वरच्या दर्जाची सायकल घ्या. दुकानात बूट घालून जा आणि प्रत्येक मशीनवर पूर्ण दहा मिनिटं करा, सेल्समन उभा असला तरी लाजू नका. वॉरंटीत मोटरला किती वर्षं, बाकीच्या पार्टला किती आणि टेक्निशियनची फी त्यात आहे का हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि चौथा, तुमच्या पिनकोडला माणूस येतो का, नसेल तर पाच वर्षांच्या वॉरंटीचा काय उपयोग.

सेकंड हँड घ्यायला काहीच हरकत नाही, जानेवारीत हौसेने घेतलेली मशीनं उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत विकायला निघतात. ट्रेडमिल असेल तर घरातल्या सगळ्यात जड माणसाला न्या आणि त्याला पंधरा मिनिटं चालवा, रिकामा पट्टा फिरवून दाखवला तर विश्वास ठेवू नका, वजन पडल्यावरच मोटरचा दम कळतो. समुद्राजवळच्या घरातलं किंवा बाल्कनीत ठेवलेलं असेल तर बोल्ट, सीटचा दांडा आणि रोलरची टोकं गंजलीत का बघा. आपणही बाल्कनीत ठेवू नका, ग्रिल लावलं, प्लॅस्टिक टाकलं तरी पावसाळ्याची दमट हवा आत जातेच.

मशीन घरी यायच्या दिवशी लिफ्टचं दार मोजून ठेवा. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, आणि खोकं-थर्माकोल परतीची मुदत संपेपर्यंत फेकू नका. सायकल स्वतः जोडणार असाल तर एक गोष्ट कागदावर लिहून भिंतीला लावा, डावं पेडल उलट्या दिशेने आवळायचं असतं. उजवं घड्याळाच्या दिशेने, डावं घड्याळाच्या विरुद्ध, पेडलच्या टोकावर एल आणि आर कोरलेलं असतं. आमच्या यांनी दोन्ही एकाच दिशेने पान्याने जोर लावून फिरवली, डाव्या क्रँकचे, म्हणजे पेडल ज्या दांड्याला बसतं त्याचे, आटे गेले आणि नवीन क्रँक येईपर्यंत बारा दिवस सायकल तशीच उभी. आधी हाताने फिरवा, हाताने तीन-चार फेरे सहज बसले तरच पाना लावा, आणि आठवड्याने पुन्हा एकदा आवळा.

सगळं जोडून झालं की प्रत्येकाची सीट लावून त्या भोकाशी नेलपॉलिशने एक टिंब द्या. आमच्याकडे लाल माझं, गुलाबी सासूबाईंचं. टिकली लावून बघितली होती, घामाने निघून जाते.